पर्ड्यू हरल्याच्या दिवशी

शनिवार, २९ मार्च २०२५. विश्रामबाग, सांगली.

अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा बास्केटबॉल संघ ह्यूस्टन विद्यापीठाकडून ६२-६० असा हरला, ते मी सोसले असते. सामना संपल्यावर थोड्याच वेळात थोरल्याचा जो फोटो आला, तो मात्र दिवसभर डोळ्यांपुढून हलत नाही. अंगात ह्यूस्टनचा लालभडक टी-शर्ट, दोन्ही हात वर, मागे ऑफिसमधली मुले, आणि फोटोखाली एवढेच लिहिलेले: "आई, बघितलास ना शेवटचा बास्केट?" बघितला. त्याच्याइतकाच जीव मुठीत धरून बघितला. मी कोणत्या बाजूने बघत होते, हे त्याला ठाऊक नव्हते असे नाही. आनंदाच्या भरात ते त्याच्या ध्यानात राहिले नाही, आणि हेच मनाला लागून राहिले आहे.

उद्या पाडवा आहे. कळकाची काठी धुऊन ठेवली, मारुती रोडवरून गाठी आणल्या, आंब्याच्या डहाळ्या आणि कडुलिंब हे सकाळी आणतील. एवढ्या कामांतही मन त्या फोटोपाशी जाऊन थबकत होते. "सकाळपासून गप्प का?" असे ह्यांनी दोनदा विचारले. संघ हरला म्हणून, असे सांगून वेळ मारून नेली.

तो शेवटचा डाव मी नंतर पुन्हा पुन्हा पाहिला. उत्तरार्धात दहा गुणांनी मागे पडलेल्या पर्ड्यूने कॅमडन हाइडच्या तीन गुणांच्या बास्केटवर ६०-६० अशी बरोबरी केली, तेव्हा मी खुर्चीतून उठले होते. इंडियानापोलिसचे ते स्टेडियम पर्ड्यूच्या गावापासून, वेस्ट लाफायेटपासून, जेमतेम शंभर किलोमीटरवर आहे, त्यामुळे प्रेक्षकांत आमचीच माणसे जास्त होती आणि आवाज असा होता की लॅपटॉपही थरथरत असावा असे वाटले. मग शेवटचे २.२ सेकंद उरले असताना ह्यूस्टनला पर्ड्यू राखत असलेल्या बास्केटखालच्या रेषेबाहेरून चेंडू मिळाला. ह्यूस्टनच्या मिलोस उझानने तो आपल्या साथीदाराकडे, टगलरकडे टाकला, टगलरने क्षणभरही न थांबता टप्पा देऊन परत उझानकडेच दिला, आणि तोवर आत शिरलेल्या उझानने सोपा लेअप मारला, म्हणजे बास्केटपाशी जाऊन चेंडू अलगद आत सोडला. घड्याळात ०.९ सेकंद उरले होते. चेंडू आत टाकणाऱ्यावर डोळा ठेवा, सगळे घेणाऱ्याकडे बघत असतात आणि टाकणारा मोकळा सुटतो, हे आमचे सर कराडच्या मातीच्या मैदानावर आम्हा मुलींना घसा फोडून सांगत असत. इतक्या वर्षांनी, इतक्या दूरच्या सामन्यात, ते वाक्य माझ्या ओठांवर आले तेव्हा उझान हवेत होता.

थोरला २०२२ च्या ऑगस्टमध्ये पर्ड्यूला गेला, तेव्हा बास्केटबॉल हा त्याचा विषयच नव्हता. शाळेत असताना मी त्याला मैदानावर न्यायचा किती प्रयत्न केला, पण तो पुस्तक घेऊन कट्ट्यावर बसायचा. तिकडे गेल्यावर पर्ड्यूच्या घरच्या मैदानाच्या, मॅके अरेनाच्या गर्दीत सापडला आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याचा फोन आला, "आई, झोन डिफेन्स म्हणजे नक्की काय गं?" त्या फोनवर मी त्याच्याशी जेवढे बोलले, तेवढे तो जाण्याआधीच्या वर्षभरात बोलले नसेन. मग प्रत्येक सामन्यानंतर फोन येऊ लागला. रिबाउंडसाठी, म्हणजे हुकून उसळलेल्या चेंडूसाठी, पाठ कशी लावतात, पर्ड्यूच्या झॅक ईडीसारखा ७ फूट ४ इंचांचा खेळाडू बास्केटजवळ पोस्टवर उभा असला की बाकीच्या चौघांनी कुठे उभे राहायचे, प्रशिक्षक मॅट पेंटर खेळाडू का बदलतात, असे त्याचे प्रश्न असत आणि उत्तरे शोधण्यासाठी मीही सामने पाहू लागले. हा संघ माझ्याकडे त्याच्यामुळे आला.

संघही असा आला की त्याने सुखापेक्षा धाकच जास्त दिला. विद्यापीठांच्या या एनसीएए स्पर्धेत ६८ संघ असतात आणि एकदा हरले की खेळ संपला. २०२३ च्या मार्चमध्ये, पाडव्याच्या चार दिवस आधी, पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनने ६३-५८ असे घरी पाठवले. पुरुषांच्या स्पर्धेत असे त्याआधी एकदाच घडले होते, २०१८ मध्ये व्हर्जिनियाच्या बाबतीत, आणि त्या व्हर्जिनियाने पुढच्याच वर्षी विजेतेपद मिळवले. त्या रात्री फोनवर थोरल्याच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, म्हणून व्हर्जिनियाची ही हकिकत मीच त्याला शोधून सांगितली. पुढच्या वर्षी पर्ड्यू खरोखरच अंतिम सामन्यात पोहोचले. ४४ वर्षांनी अंतिम चारांत, आणि तिथून विजेतेपदाच्या सामन्यात! आपल्याकडे ती पाडव्याची सकाळ होती, ९ एप्रिल २०२४. ईडीने एकट्याने ३७ गुण केले, तरी कनेटिकटने सामना ७५-६० असा जिंकला. आमची गुढी त्या दिवशी ह्यांनी उभारली. सामना संपल्यावर आलेल्या फोनवर तो बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला आणि मग म्हणाला, "गुढी उभारली का गं?"

त्या सकाळनंतर वर्षही पुरे झालेले नाही.

नोकरी ह्यूस्टनला लागली, तो तिकडे गेला, हे सगळे रीतसर झाले आणि आम्हाला आनंदच झाला. फोन आता रविवारी येतो. दिवाळीचे काय झाले ते इथे लिहीत नाही. मात्र सामना पाहताना मी एकटी असते असे मला आजवर वाटले नव्हते. हरलो तरी तिकडे तोही माझ्यासारखाच उशीत तोंड खुपसून पडला असेल, याचा मोठा आधार होता. आज तो आधार गेला. ज्या गावात मी कधी पाऊल ठेवलेले नाही, ज्या विद्यापीठाशी आता आमच्या घरातल्या कोणाचाही संबंध उरलेला नाही, त्याच्या संघासाठी सांगलीतली एक निवृत्त बाई सकाळच्या पोळ्या टाकायच्या सोडून डोळे पुसत बसली होती, आणि ज्याच्यापायी हे सारे लागले तो पलीकडच्या बाकावर नाचत होता. दुपारभर मी हेच घोळवत राहिले. मुलाने शहर बदलावे, नोकरी बदलावी, ते समजते. संघ इतक्या लवकर बदलता येतो का?

आता तर खेळाडूच तो बदलतात. उझान स्वतः ओक्लाहोमाकडून खेळून गेल्या वर्षी ह्यूस्टनला आला आहे. पूर्वी विद्यापीठ बदलले की वर्षभर बसून राहावे लागे. तो नियम सुटला आणि २०२१ पासून खेळाडूंना जाहिरातींचे पैसेही घेता येतात, त्यामुळे दर वसंतात निम्मे संघ विस्कटतात आणि नव्याने जुळतात. त्यात काही गैर आहे असे मी म्हणत नाही. गरिबाघरच्या मुलाला चार पैसे मिळत असतील तर त्याने का थांबावे? पण म्हणूनच स्मिथ, लॉयर आणि कॉफमन-रेन या तिघांवर माझा इतका जीव आहे. तिघेही इंडियानाचीच मुले, शाळा संपवून थेट पर्ड्यूला आली आणि आजवर तिथेच राहिली.

संध्याकाळी दिवा लावताना अण्णांची आठवण झाली, आणि त्यानंतर माझा सूर जरा बदलला. मी सांगलीला नोकरीला लागल्यावर आमच्या कॉलेजच्या मुली सांगली विभागातून जिंकून विद्यापीठाच्या आंतरविभागीय स्पर्धेला कोल्हापूरला गेल्या होत्या आणि समोर सातारा विभागातून आलेले माझेच जुने कॉलेज होते. ज्या जर्सीसाठी मी गुडघे फोडून घेतले, त्या जर्सीविरुद्ध मी मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडत होते. मनात जराही चलबिचल नव्हती, कारण सांगलीच्या त्या मुली रोज माझ्यासमोर घाम गाळत होत्या आणि कराडच्या संघातली एकही मुलगी माझ्या ओळखीची नव्हती. अण्णा मुद्दाम कराडहून सामना बघायला आले होते. माझा प्रत्येक सामना पाहिलेला माणूस. आम्ही जिंकल्यावर ते खाली आले आणि म्हणाले, "तुझ्या मुली चांगल्या खेळल्या." मग सगळ्यांना उसाचा रस पाजला. ते टाळ्या कोणासाठी वाजवत होते, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

माणूस जिथे राहतो तिथला होतो, यात कोणाशी बेइमानी नसते. थोरला आज ज्या मुलांबरोबर हात वर करून उभा आहे, ती मुले त्याला तापात डबा आणून देत असतील. परक्या शहरात पहिल्या वर्षी त्याला जे हवे होते ते मिळाले आहे, आणि ते एका लाल टी-शर्टाच्या रूपाने मिळाले असेल तर आईने ते पोटात घालावे. दुपारी हे मला पटले नसते.

माझे मात्र पर्ड्यूच राहणार. हा संघ आला त्याच्यामुळे, पण आता राहिला आहे तो ब्रेडन स्मिथमुळे. जेमतेम सहा फुटांचा हा मुलगा आजच्या सामन्यात स्वतः फारसे गुण न करता १५ वेळा दुसऱ्याच्या हातात बास्केट ठेवून गेला. मीही उंचीने कमी, मीही चेंडू देणारीच. तो उजवीकडे मान वळवून डावीकडे पास देतो, तेव्हा माझी मनगटे अजून हलतात. हे मला थोरल्याने दिलेले नाही आणि तो ह्यूस्टनचा झाला म्हणून ते जाणारही नाही.

मघाशी त्याला उत्तर पाठवले. "बास्केट बघितला. पण तू टगलरचा पास पुन्हा बघ, सामना त्याने जिंकला. उद्या टेनेसीविरुद्ध नीट खेळा." लगेच फोन आला. टगलरने पास दिला तेव्हा स्मिथ कुठे होता, उझानला कोणी अडवायला हवे होते, यावर आम्ही पाऊण तास बोललो. फोटोचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही.

पुढच्या वर्षीचे अंतिम चार संघ इंडियानापोलिसच्या याच स्टेडियममध्ये खेळणार आहेत. स्मिथ, लॉयर, कॉफमन-रेन, तिघांचेही एकेक वर्ष शिल्लक आहे. आजवर एनसीएएचे विजेतेपद पर्ड्यूला मिळालेले नाही. तिघांनीही थांबावे, कोणाचा गुडघा दुखावू नये, आणि एप्रिलमध्ये त्यांनी घरच्या माणसांसमोर त्या मैदानावर उतरावे, एवढेच माझे मागणे आहे. समोर ह्यूस्टन असेल तर फारच उत्तम.