रक्तदाबाच्या नोंदी वाचताना

शिवाजी विद्यापीठात संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.चे पहिले वर्ष संपल्यावर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कोल्हापुरातील एका रुग्णालयात आरोग्यविषयक माहितीच्या विश्लेषणाची संशोधन इंटर्नशिप केली. विषय उच्च रक्तदाबाचा होता. ओपीडीत नियमित उपचार घेणाऱ्यांचा रक्तदाब आटोक्यात राहतो का, आणि राहत नसेल तर कोणाचा राहत नाही, हे जुन्या नोंदींवरून तपासायचे होते. पुढच्या वर्षी अर्ज करू इच्छिणाऱ्या काही मैत्रिणींनी या कामाबद्दल विचारले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. नोंद ज्या टेबलावर होते ते टेबल पाहिल्याशिवाय त्या नोंदींवर कोणतेही मॉडेल बसवू नये, असे माझे आता ठाम मत झाले आहे, आणि या लेखात मला मुख्यतः तेच सांगायचे आहे.

काम सुरू झाले ते एथिक्स कमिटीच्या, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीच्या, परवानगीने. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार माणसांच्या आरोग्याची जुनी माहिती वापरायची असली तरी समितीकडून आढावा घ्यावा लागतो. नाव, पत्ता आणि फोन नंबर काढून त्या जागी सांकेतिक क्रमांक टाकला की माहिती निनावी झाली, असे पुष्कळांना वाटते. परंतु शाहूवाडीतल्या एखाद्या लहानशा वाडीत नव्वदी ओलांडलेल्या आजी एकच असतील, तर गाव आणि वय एवढ्यावरूनही त्यांची ओळख पटते. म्हणून आम्ही गावाऐवजी तालुका ठेवला आणि ऐंशीच्या पुढच्या सर्व वयांचा एकच गट केला. यामुळे विश्लेषणातला थोडा बारकावा गेला, पण माझ्या मते तो जायलाच हवा होता.

त्यानंतर आकड्यांकडे वळले. रक्तदाबाच्या पाऱ्याच्या किंवा घड्याळासारख्या तबकडीच्या यंत्रावर दोन-दोन मिलिमीटरच्या खुणा असतात. त्यामुळे नोंदीचा शेवटचा अंक ०, २, ४, ६ किंवा ८ असाच येतो, आणि मोजणारा काटेकोर असेल तर प्रत्येक अंकाचा वाटा साधारण २० टक्के असायला हवा. प्रत्यक्षात आलेख काढला तेव्हा शून्याचा खांब इतर सगळ्यांना झाकून टाकेल एवढा उंच निघाला. पुढे एका ठरावीक महिन्यापासून विषम अंक दिसू लागले, त्यावरून डिजिटल यंत्र केव्हा आले हे कोणालाही न विचारता कळले. मात्र शून्याचा खांब त्यानंतरही उंचच राहिला.

याचे कारण समजून घेण्यासाठी गाईड मॅडमच्या परवानगीने मी ओपीडीत बीपी तपासण्याच्या टेबलाजवळ बसू लागले. मोजण्याआधी रुग्णाने पाच मिनिटे शांत बसावे, पाठीला टेकू असावा, हात हृदयाच्या पातळीवर असावा आणि दोनदा मोजावे, असे शास्त्र सांगते. एसटीतून उतरून, जिना चढून आलेले काका खुर्चीत टेकतात न टेकतात तोच पट्टा बांधला जात होता, कारण त्यांच्यामागची रांग थेट दारापर्यंत गेलेली असे. यंत्रावर १३७ दिसले आणि केसपेपरवर १४० लिहिले गेले, तेव्हा मी सिस्टरना कारण विचारले. त्या म्हणाल्या, “बाळ, मागची रांग बघ की.” त्यांच्याकडे मनुष्यबळ कमी आणि काम अफाट होते, मी त्यांना दोष देत नाही. वयाचेही तसेच. “आजी, वय किती?” असे विचारल्यावर “असंल की साठ-पासष्ट” असे उत्तर येते आणि कागदावर ६० किंवा ६५ उतरते. लोकसंख्याशास्त्रात वयांची ही ० आणि ५ भोवतीची गर्दी व्हिपल निर्देशांकाने मोजतात. हा निर्देशांक १०० असेल तर असा ओढा नाही आणि ५०० असेल तर सगळीच वये ० किंवा ५ ने संपणारी आहेत, असा त्याचा अर्थ होतो.

रक्तदाब जवळच्या दहावर नेऊन लिहिला तर काय बिघडते, असा प्रश्न पडू शकतो. सरासरी काढायची असेल तर फारसे बिघडत नाही. पण वरचा दाब १४० पेक्षा कमी आणि खालचा ९० पेक्षा कमी असेल तरच तो आटोक्यात, अशी व्याख्या असल्यामुळे १३६ आणि १३८ हे आकडे १४० झाले की रुग्ण सीमेपलीकडे जातो. उलट १४२ किंवा १४४ चे १४० झाले तरी तो पलीकडेच राहतो. म्हणजे या सीमेवर चूक एकाच दिशेने होते आणि आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण खऱ्यापेक्षा कमी दिसते. म्हणून अहवालात एकच टक्केवारी न देता, नेमके १४० लिहिलेले रुग्ण एकदा आत आणि एकदा बाहेर धरून दोन टोके दिली.

याहून कठीण प्रश्न न आलेल्या रुग्णांचा होता. संख्याशास्त्रज्ञ डोनाल्ड रुबिन यांनी १९७६ मध्ये गहाळ माहितीची जी मांडणी केली, तिच्यात माहिती का गहाळ झाली हा प्रश्न मध्यवर्ती आहे, आणि कोल्हापुरात त्याची उत्तरे संगणकाबाहेर मिळतात. गगनबावडा, राधानगरीकडचे रुग्ण पावसाळ्याच्या सुरुवातीला एकाएकी कमी होतात. एका काकांनी सरळ सांगितले, “आता रोप लावण हाय बघा, ती झाली की येतो.” २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै या महिन्यांत भेटींच्या आलेखात खोल दरी आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट धरली जाते. त्या दोन्ही महापुरांत नदी तिच्या कितीतरी वर गेली आणि पुणे-बंगळूर महामार्गसुद्धा बंद पडला होता. अशा महिन्यांत न आलेल्या माणसापुढे ‘उपचार सोडला’ असा शेरा मारणे मला अन्यायाचे वाटते. आणि त्याला हिशेबातूनच वगळले, तर जे आले त्यांच्यावरूनच निष्कर्ष निघतो आणि चित्र आहे त्याहून चांगले दिसते. २०१७ मध्ये महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात आटोक्यात असलेले, नसलेले आणि भेट चुकलेले असे तीन गट वेगळे दाखवतात. आम्हीही तीच पद्धत स्वीकारली.

आणखी एक सापळा होता. पहिल्या भेटीत ज्यांचा दाब फार चढलेला निघतो, त्यांचा दुसऱ्या भेटीत गोळी न घेताही काहीसा उतरलेला निघतो, कारण पहिला आकडा काही अंशी त्या दिवसाचा असतो. इंग्रज संशोधक फ्रान्सिस गाल्टन यांनी उंचीच्या अभ्यासात एकोणिसाव्या शतकातच हे मध्याकडे सरकणे दाखवले होते. या संदर्भात मला डॉ. पां. वा. सुखात्मे यांचे फार स्मरण झाले. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ पुढे रोममध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचा प्रमुख झाला. निरोगी माणसाची अन्नाची गरजसुद्धा दिवसागणिक बदलते, म्हणून सरासरी गरजेची रेघ ओढून तिच्याखालच्या प्रत्येकाला कुपोषित म्हणू नये, हे त्यांनी हिरिरीने मांडले. त्यांच्या निष्कर्षांवर वाद झाले, तरी माणसाच्या आतला हा चढउतार मोजायचा त्यांचा आग्रह मला आजही पटतो. आम्हीही औषधाचा परिणाम ठरवताना पहिल्या एका नोंदीऐवजी सुरुवातीच्या दोन भेटींची सरासरी घेतली.

अहवालाच्या शेवटी आम्ही दोन सूचना केल्या. बीपीच्या टेबलाजवळ वाट पाहणाऱ्यांसाठी बाक ठेवावे, म्हणजे रांगेत उभे राहण्याऐवजी लोकांची पाच मिनिटे बसण्यात जातील; आणि भातपट्ट्यातील तालुक्यांच्या रुग्णांना जूनच्या आधी दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्याव्यात. बाके आली आहेत. गोळ्यांचा निर्णय औषधसाठ्यावर अवलंबून असल्याने तो अजून व्हायचा आहे. तो झाला तर पुढच्या उन्हाळ्यात येणाऱ्या विद्यार्थिनीला पावसाळ्यातल्या भेटी आणि त्यानंतरचा रक्तदाब तालुकावार पडताळता येईल. त्यासाठी केसपेपरवर तालुक्याचा रकाना रिकामा राहू नये, एवढी विनंती आम्ही नोंदणी खिडकीवर करून ठेवली आहे.