त्सुगिझाकुराच्या पायऱ्यांवर

जपानमधल्या कुमानोच्या यात्रेच्या वाटेवर ताकिजिरीहून सकाळी निघाले. ताकाहाराचा चढ जीव काढतो, तो काढला. चिकात्सुयु गाव आलं नि गेलं. वाटेत ओजी म्हणजे धाकटी देवळं, बऱ्याच ठिकाणी आता नुसता दगड आणि यात्रेकरूंच्या वहीत उठवायच्या शिक्क्याची लाकडी पेटी. कुमानोची ही वाट मुकी आहे. टाळ नाही, मृदंग नाही, समोरून कोणी आलं तर मान लववून पुढे. पुढच्या माणसाच्या पिशवीला अस्वलासाठी बांधलेली घंटी मात्र अखंड किणकिणत होती. मी वैतागून पुटपुटत ‘ज्ञानोबा-तुकाराम’ सुरू केलं, तेही तिच्याच ठेक्यावर पडायला लागलं.

दुपारी नोनाका गावात त्सुगिझाकुरा ओजीच्या पायऱ्यांवर बसकण मारली. टाचेचा फोड फुटला होता. दोन्ही बाजूंना जुने, प्रचंड जपानी देवदार. त्यांच्या फांद्या एकाच दिशेला, दक्षिणेला. नाचीच्या धबधब्याकडे हात करून उभे आहेत म्हणतात. १९०६ पासून सरकारने गावोगावची देवळं एकत्र करायला घेतली. देऊळ गेलं की भोवतीचं रानही कुऱ्हाडीखाली. मिनाकाता कुमागुसु हा निसर्गअभ्यासक भांडला, म्हणून यातले थोडे उरले. माझं लक्ष तेव्हा झाडांत नव्हतं, टाचेत होतं.

पायऱ्या झाडणाऱ्या आजींनी पाय पाहिला आणि खराटा टाकून निघून गेल्या. देवाच्या दारात बूट काढून पाय पसरले म्हणून रागावल्या, असं वाटलं. आल्या त्या कात्री, चिकटपट्टी आणि वाटीत एक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं फळ, घेऊन. खाली बसून माझी टाच हातात घेतली. वारीत पाय चेपून घेतलेत मी, पण ऐंशीच्या घरातल्या बाईने पायाला हात लावायचा? पाय ओढला. त्यांनी पोटरीवर चापट मारली आणि पट्टी कोपरे गोल कापून चिकटवली. उमेबोशी इतकी खारट-आंबट की डोळ्यांत पाणी आलं. त्या खदखदून हसल्या.

मी वाकून पायाला हात लावायला गेले तर टुणकन मागे सरल्या आणि वर देवळाकडे बोट केलं. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. माझ्या टाळ्या फुसक्या निघाल्या. परत वाजवायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी होंगू, या वाटेवरचं मोठं देवस्थान. देवळाची जुनी जागा ओयुनोहारा, तिथलं अवाढव्य तोरी म्हणजे प्रवेशकमान, फोटोंसाठी रांग, मीही उभी राहिले. पट्टी पक्की होती. फोड आता दुसऱ्या पायाला आला होता.