हसायचं त्यांनी हसून घ्या

शुगरनं नसांची वाट लावली, ताठरता गेली. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली. आता ऑपरेशन करून लिंगात इम्प्लांट, म्हणजे ताठरतेसाठी आत बसवायचं साधन. सकाळी सरकारी दवाखान्यात केसपेपर काढला. तरुण डॉक्टर स्पष्ट बोलला : आधी एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी) खाली आणा, इन्फेक्शन झालं तर बसवलेलं सगळं काढावं लागतं.

संध्याकाळी खाजगीत. रिसेप्शनवरच्या ताईंनी मोठ्यानं विचारलं, "काय त्रास आहे?" अख्खा बाक वळला! डॉक्टरांनी मात्र नमुने हातात दिले. एक वाकवायची कांडी, स्वस्तातली. दुसऱ्या नमुन्याचा पंप अंडकोषाच्या पिशवीत. दाबला की पोटातल्या फुग्यातलं सलाईन लिंगातल्या कांड्यांत उतरतं. एकदा बसवलं की नैसर्गिक ताठरता विसरायची. खर्च ऐकून सात रस्त्याला दोन चहा झाले.

मन सरकारीकडे झुकतंय. बायको म्हणते, "आधी शुगर उतरवा, मग बघू."