आमची वाटचाल : एका सशाच्या कानापासून

लोकांची अर्धवट राहिलेली विणलेली खेळणी आम्ही पूर्ण करून देतो, आणि या कामाची सुरुवात एका कानामुळे झाली. ओळखीतल्या एका काकूंनी पिशवी आणून दिली, आत लोकरीच्या सशाचं धड, डोकं, चार पाय, एक कान आणि दुसरा कान अर्धा, सुईवरच. संधिवातामुळे बोटं चालेनात, नातीला कबूल केलंय, तेवढं पूर्ण करून देशील का म्हणाल्या. मी आणि माझी जाऊबाई तेव्हा हौसेपुरतंच विणायचो, म्हटलं कानाचं काय, तासाभराचं काम! तीन वेळा उसवला. त्यांचा हात घट्ट आणि माझा सैल, त्यामुळे लोकर तीच, सुई तीच, तरी मी विणलेला भाग खालच्यापेक्षा रुंद व्हायचा. मग मोजलं तर त्यांचे इंचाला ७ टाके आणि माझे ६. ३.२५ मिमीची सुई बाजूला ठेवून २.७५ ची बारीक सुई घेतली तेव्हा कुठे जमलं, आणि दुसऱ्याचं काम पूर्ण करायचं तर आधी त्या माणसाचा हात ओळखावा लागतो हे तिथेच कळलं.

मग एकीने दुसरीला सांगितलं आणि पिशव्या यायलाच लागल्या. उघडून बघितलं की बहुतेक वेळा विणून सगळं झालेलं असतं, अडलेलं असतं ते जोडण्यापाशी. आम्हाला याचं अजिबात नवल वाटत नाही, कारण विणायला घरात कोणीतरी शिकवतं पण शिवायला नीट कोणी शिकवत नाही. कडेच्या टाक्याच्या आत शिडीच्या पायऱ्यांसारखे आडवे धागे असतात, सुलट बाजूने एकदा इकडची पायरी एकदा तिकडची अशी उचलत जायचं आणि चार-पाच झाल्या की धागा हळूच ओढायचा, शिवण चक्क गायब होते. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा जाऊबाई दिवसभर तोच तुकडा हातात घेऊन फिरत होत्या.

हळूहळू स्वतःचे प्राणीही करायला लागलो. पहिल्या जिराफाची मान आठवड्यात लुळी पडली, कापूस मोठ्या गोळ्यांनी भरला होता ना. आता चिमूटभर चिमूटभर भरतो, आणि मान जिथे धडाला मिळते तिथे सगळ्यात ठासून. जी लोकर स्वेटरला ४ मिमी सुईवर विणतात ती खेळण्याला आम्ही ३ वर विणतो, नाहीतर ताणलं की टाक्यांमधून आतला पांढरा कापूस दिसतो.

सगळ्यात जास्त वेळ चेहऱ्याला जातो आणि तो आम्ही कधीच कमी करणार नाही. कान, नाक सगळं आधी टाचण्यांनी लावायचं, रात्रभर तसंच ठेवायचं आणि सकाळी ताज्या नजरेने बघायचं. डोळे दोन ओळी खाली आणि जरा लांब लांब घेतले की तेच अस्वल एकदम पिल्लू दिसायला लागतं, वर जवळ जवळ घेतले तर मोठं दिसतं. प्लास्टिकच्या सेफ्टी डोळ्यांची मागची चकती एकदा दाबली की निघत नाही म्हणून डोकं भरायच्या आधीच जागा ठरवावी लागते. ३ वर्षांच्या आतल्या बाळासाठी असेल तर डोळे दोऱ्याच्या भरतकामानेच काढतो, कितीही आग्रह केला तरी. एक मोठी ऑर्डर यामुळे गेली, वाईट वाटलं, पण बाळ सगळं तोंडात घालतं हो.

आज आम्ही पाच जणी आहोत. प्रत्येक पिशवीवर चिठ्ठी लावतो, त्यावर टाक्यांचं माप, सुई, लोकरीचा लॉट नंबर (लॉट म्हणजे एका वेळी रंगवलेली लोकर, तो बदलला की रंग किंचित वेगळा येतो, आणि ते जोडल्यावरच दिसतं) आणि कोणासाठी आहे ते नाव. सध्या टेबलावर एक कासव आहे, पाठ आणि पोट वेगवेगळ्या बहिणींनी विणलंय, एकीचा हात घट्ट आणि एकीचा सैल, कडेचे टाके जुळत नाहीत. जाऊबाई सकाळपासून टाचण्या लावतायत, दर तिसऱ्या टाक्याला घट्ट बाजूचे दोन एकत्र घेऊन बघू म्हणतायत.