बस्ता बांधण्याआधीची वही

धाकट्या बहिणीच्या लग्नाचा बस्ता बांधायला निघण्यापूर्वी आईने आणि मी वही उघडून नवरीच्या साड्यांसाठी ४०,००० रुपयांची मर्यादा ठरवली. फॉल-पिको, अस्तर आणि ब्लाउजची शिलाई यांचे ६,००० रुपये त्यातूनच आधी बाजूला काढले, कारण हा खर्च साडी घेतल्यावर आठवतो आणि तोवर हात रिकामा झालेला असतो. अष्टपुत्री, म्हणजे लग्नविधीत नवरी नेसते ती पिवळी साडी, मामाकडून येणार होती. उरलेल्या पैशांत एक पैठणी आणि एक साधी रेशमी साडी बसवायची होती.

येवल्याच्या पहिल्याच दुकानात, आम्ही आकडा सांगण्याआधी, लाखाच्या घरातली ब्रोकेड पैठणी उलगडली गेली आणि बहिणीची नजर तिच्यावरून हलेना. त्यानंतरची प्रत्येक साडी फिकी वाटू लागली. म्हणून गादीवर बसताक्षणी मर्यादा सांगावी, असे मला मनापासून वाटते. त्यात कमीपणा नाही.

पुढे एका विणकराच्या घरी माग पाहिला. त्यांनी पदर उलटा करून दाखवला: हातमागावर विणलेला मोर मागूनही तितकाच स्वच्छ दिसत होता, तर शेजारच्या यंत्रमागावरच्या साडीला मागे कापलेल्या धाग्यांची लव होती. किमतीतला फरक त्या मागच्या बाजूला असतो. पदर लहान आणि बुट्ट्या विरळ असलेली हातमागाची जांभळी पैठणी आम्ही २६,००० रुपयांना घेतली.