नवे चित्रकार सापडतात तरी कुठे?

'हे असले चित्रकार तुम्हाला सापडतात तरी कुठून?' हे मला लग्नाच्या पंगतीतसुद्धा विचारून झालंय. माझ्याकडे काहीतरी गुप्त यादी असावी, असा एकंदर सूर असतो. यादी नाही, एक खोड आहे. कुणाचं काम आवडलं की तो कुणासोबत चित्रं मांडतो, कुणाचं नाव घेतो, याचा माग काढत राहायचं.

माझी सुरुवात सुधीर पटवर्धनांपासून झाली, कारण त्यांच्या चित्रातलं जग माझ्या ओळखीचं होतं. ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून वर्षानुवर्षं काम करणारा हा माणूस. चित्रकला स्वतःच शिकलेला, आणि पूर्णवेळ चित्रकार झाला तो २००५ साली. लोकल, इराण्याचं हॉटेल, लोअर परळ, उल्हासनगर. हे बघायला कलेचा इतिहास ठाऊक असावा लागत नाही, लोकलचा पास पुरतो. म्हणून मी सांगतो, जो विषय तुमच्या अंगवळणी पडलाय, तिथला चित्रकार आधी धरा.

नंतर एकातून दुसरा निघत जातो. कुलाब्यात २०१० साली क्लार्क हाउस नावाची एक जागा सुरू झाली. तिथे तरुण चित्रकार एकमेकांच्या सोबतीनं काम मांडत. प्रभाकर पाचपुते हे नाव मला या वर्तुळातून कळलं, आणि आजही कुणी एकच नाव मागितलं तर मी हेच देतो.

पाचपुते चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्तीचे. घरात तीन पिढ्या कोळसा खाणीशी बांधलेल्या. खैरागढला आणि पुढे बडोद्याला शिल्पकला शिकलेला हा माणूस चित्रं काढतो कोळशानं, तीही बऱ्याचदा थेट गॅलरीच्या भिंतीवर. (चारकोल हा लाकडाचा कोळसा, खाणीतला नव्हे; पण भिंतीसमोर उभं राहिल्यावर हा फरक कुणाला आठवतो?) माणसांच्या धडावर डोक्याऐवजी दिवा किंवा कसलंसं यंत्र. जमीन पोखरलेली, आणि त्या जमिनीवरची माणसंही तशीच. यात कुठेही घोषणा नाही. खाण कामगारांवर कळवळ्यानं काढलेली चित्रं पुष्कळ असतात, पण खाणीनं माणसाच्या शरीराचा आकारच बदलून टाकलाय, हे इतक्या थंडपणे सांगणारं दुसरं काम मला माहीत नाही. २०२१ साली वेल्समधलं 'आर्टेस मुंडी' हे समकालीन कलेचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक सहा जणांत विभागून दिलं गेलं, त्यांत पाचपुते होते. वेल्ससुद्धा कोळशाचाच मुलूख.

त्याच वर्तुळातले अमोल पाटील. आजोबा पोवाडे रचणारे, वडील नाटकं लिहिणारे. मुंबईतल्या चाळी आणि सफाई कामगारांचं जगणं हा यांचा विषय. २०२२ साली त्यांचं काम जर्मनीतल्या कासेलच्या 'डॉक्युमेंटा' या समकालीन कलेच्या मोठ्या प्रदर्शनात होतं. आपल्याकडे किती जणांना पाटलांचं नाव ठाऊक आहे, हे विचारायला नको.

इन्स्टाग्रामचं काय, असंही विचारतात. कुठे काय लागलंय हे कळायला ते बरं. पण भिंतभर चित्र आणि हातभर चित्र तिथे एकाच मापाचं होतं, आणि पाचपुतेंसारख्याचं अर्धं बळ त्या मापातच असतं.

गॅलरीत जायला लोक बिचकतात. काचेचं दार, एसीचा गारवा, आत कुणी 'या' म्हणत नाही. पण तिकीट नसतं, आणि तुम्ही काही विकत घेणार नाही हे त्यांना पाहताक्षणी कळलेलं असतं, तेव्हा निर्धास्त जा. भिंतीवरचं इंग्रजी निवेदन आधी वाचू नका. ते समजलं नाही तर दोष तुमचा नसतो.

मुंबईत असाल तर जहांगीर आर्ट गॅलरीत जा. तिथली प्रदर्शनं दर आठवड्याला बदलतात, आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतःच टेबलाशी बसलेला असतो. गर्दी नसेल अशा दुपारी गाठा. त्याच्या चित्रांविषयी बोलून झालं की विचारा, 'सध्या तुम्ही कुणाचं काम बघताय?' आधी तो जरा थबकतो. मग दोन-तीन नावं सांगतो, आणि त्यांतलं एखादं तरी तुम्ही कधीच ऐकलेलं नसतं.