डोळा कुठे लावायचा?

"काका, हा बघा. चाळीस एक्स झूम!" दुकानातल्या पोराने कॅमेरा माझ्या हातात ठेवला. नाशिकचा महात्मा गांधी रोड, संध्याकाळची साडेसहाची वेळ, बाहेर गाड्यांची रेटारेटी. मी कॅमेरा उलटसुलट करून पाहिला आणि सवयीने डोळ्याशी नेला. नाक काचेवर आपटलं.

"पण डोळा कुठे लावायचा?"

पोरगं क्षणभर गोंधळलं. मग आजोबांची समजूत घालावी तसं म्हणालं, "डोळा नाही लावायचा काका. लांब धरून स्क्रीनवर बघायचं."

घोळ तिथेच आहे. मला चाळीशी लागून आता बरीच वर्षं झाली. ती नाकावर चढवली की स्क्रीन स्वच्छ दिसते, पण समोरची गोदावरी पुसट होते. काढली की नदी लख्ख, स्क्रीनवर नुसता रंगांचा काला. म्हणजे फोटो काढायला एक हात कॅमेऱ्याला आणि एक चष्म्याला. झूम चाळीस एक्स असो नाहीतर चारशे.

घरात याशिका एफएक्स-३ सुपर २००० आहे. १९८९ साली पहिल्या बोनसमधून आणि थोड्या उसनवारीवर घेतलेला. त्यात सेल लागतो तो फक्त उजेड मोजणाऱ्या मीटरला. शटर स्प्रिंगवर चालतं, त्यामुळे सेल उतरला तरी फोटो निघतो. डोळा लावला की मधोमध एक छोटं वर्तुळ दिसतं आणि त्यात चित्र कापलेलं असतं, अर्धं नाक एकीकडे, अर्धं दुसरीकडे. लेन्सचं कडं फिरवत नाकाला नाक जुळवायचं. जुळलं की झाला फोकस. आमच्या घराण्यातल्या लग्नांत पत्रिका गुरुजींनी जुळवल्या, नाकं मी.

त्या कॅमेऱ्याने मला एकदाच रडवलं, आणि तेही माझ्याच चुकीने. २००३ चा सिंहस्थ. पहाटेपासून घाटावर, साधूंची मिरवणूक, समोर राख, झेंडे, हत्तीएवढी गर्दी. आकडा ३६ वर आला तरी रोल संपेना. रोल काटकसरीने टाकला तर एखाद-दोन फोटो जास्तीचे निघायचे, त्यामुळे मी मनातून खूशच. मग डावीकडच्या रिवाइंडच्या खुंटीकडे लक्ष गेलं. रोल पुढे सरकवायला लिव्हर ओढला की ही खुंटीही फिरायला हवी. मी लिव्हर ओढत होतो आणि खुंटी ढिम्म. रोलचं टोक आत अडकलंच नव्हतं. चार तास मी हवेचे फोटो काढत होतो. घरी हे कोणाला सांगितलं नाही. "लॅबवाल्याने घोळ केला" असं म्हणालो. आता इतक्या वर्षांनी त्या बिचाऱ्याची माफी मागून टाकतो.

तरीही सोडायचं मनात नव्हतं. पण शंभर-सव्वाशेचा रोल हजाराच्या आसपास गेला, नेहमीच्या लॅबने रोल धुणं बंद केलं, आणि धुवायचा तर कुरिअरने मुंबईला. त्यात मानेचा मणका. लेन्ससकट पाऊण किलोचा ऐवज गळ्यात अडकवून हिंडलं की दुसऱ्या दिवशी मान दुकानातल्या बाहुलीसारखी सगळ्या अंगासकट वळते. डॉक्टरांनी कॅमेऱ्याचं नाव घेतलं नाही, "गळ्यात काही अडकवू नका" एवढंच म्हणाले.

भाची म्हणते, "मामा, फोन आहे ना!" आहे. फोटोही छान काढतो, उगाच नावं ठेवणार नाही. पण गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीसमोर फोन धरून नीट उभं राहावं, उजेड मारुतीच्या खांद्यावर यावा, आणि नेमकं तेव्हा कुणीतरी कर्ज हवंय का म्हणून विचारावं, हे मला सोसत नाही.

म्हणून कॉम्पॅक्ट. खिशात मावणारा, डिजिटल. महिनाभर मी अभ्यास केला, मुलीच्या स्थळांचा केला नव्हता इतका. आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की 'एक इंची सेन्सर' (सेन्सर म्हणजे रोलच्या जागी चित्र टिपणारा तुकडा) नावाची जी थोर गोष्ट आहे, ती कुठूनही मोजली तरी एक इंच भरत नाही. १३.२ मिलिमीटर लांब, ८.८ रुंद. तिरका मोजला तरी १६ मिलिमीटरच्या आतच. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीवरून आलंय. नळीचा बाहेरचा व्यास एक इंच, चित्र आतल्या भागावर. नळ्या गेल्या, इंच राहिला. भद्रकालीतल्या कापडवाल्याने असं माप दिलं असतं तर आमच्या आईने ठाणासकट त्याला बाहेर काढलं असतं. माझ्या रोलवरचं एक चित्र ३६ बाय २४ मिलिमीटरचं, म्हणजे क्षेत्रफळाने असे सात 'एक इंच' भरून वर थोडं उरतं. आणि हा एक इंच तरी बरा म्हणायचा. चाळीस एक्सवाल्यांच्या पोटात साधारण सहा बाय साडेचार मिलिमीटरचा सेन्सर असतो. मक्याचा एक दाणा. तेवढ्याशा दाण्यावर संध्याकाळचा रामकुंड उतरवायचा.

मोठ्या सेन्सरचे कॉम्पॅक्टही निघतात. रिकोचा जीआर-३ पाहिला. अडीचशे ग्रॅमच्या आसपास वजन, शर्टाच्या खिशात जाईल असा. पण त्याची लेन्स २८ मिलिमीटरची, म्हणजे रुंद दृष्टी देते, तीही पक्की, झूम नाही. माझा जन्म ५० मिलिमीटरच्या लेन्सवर गेला. २८ ने माणसाचा चेहरा घ्यायचा तर त्याच्या पुढ्यात जाऊन उभं राहावं लागतं. मी भिडस्त माणूस. शिवाय डोळा लावायला जागा नाहीच. फुजीच्या एक्स १०० वर्गातल्यांना ती आहे, आणि काय सुरेख आहे! काचेतून थेट बघा, नाहीतर खटका दाबून आतल्या छोट्या पडद्यावर. मी तो दुकानात पाच मिनिटं डोळ्याला लावून उभा होतो. मग किंमत विचारली आणि हळूच काउंटरवर ठेवला.

अजून एक परीक्षा होती. २००५ च्या सुमारास भाच्याचा चार मेगापिक्सेलचा कॅमेरा घेऊन मी घाटावर गेलो होतो. एक पोर कठड्यावर चढलं, नाक धरलं, उडी घेतली. मी बटण दाबलं. कॅमेऱ्याने विचार केला. फोटोत आलं ते उडालेलं पाणी आणि हसणारी बाकीची पोरं. तेव्हापासून मी मेगापिक्सेल विचारत नाही. दुकानातल्या पोराला म्हटलं, "पेन वर उडव." त्याने मालकाकडे पाहिलं. मालकाने मान हलवली. पेन उडालं, मी दाबलं. पहिल्या कॅमेऱ्यात पंखा आला. दुसऱ्यात पोराचा रिकामा हात. मग मी बटण अर्धं दाबून फोकस आधीच धरून ठेवला आणि "हं" म्हटलं. पेन अधांतरी, टोपणासकट. चौथ्या कॅमेऱ्यापर्यंत पोरालाही मजा वाटायला लागली होती. दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती ती वेगळीच.

शेवटी घेतला तो वापरलेला. मॉडेल दहा वर्षांपूर्वीचं, मूळ मालकाने फोन बदलल्यावर कपाटात टाकलेलं. एक इंच म्हणवणारा सेन्सर, २४ ते ७० मिलिमीटरपर्यंतचा झूम. कडेची कळ सरकवली की डाव्या कोपऱ्यातून छोटी खिडकी टुणकन वर येते. भिंग मागे ओढायचं आणि डोळा लावायचा. खिडकीवर एक बारीक खुंटी आहे, ती फिरवली की माझा नंबर जुळतो. चाळीशी खिशात. नदी आणि चित्र, दोन्ही स्वच्छ. दुकानातच मला भरून आलं. पोराला वाटलं किंमत जास्त झाली. त्याने शंभर रुपये कमी केले.

"आणि काका, सेकंदाला दहा फोटो!" तो म्हणाला. आपल्या त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी सिनेमासाठी पैसे उभे करताना वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपली होती. रोज एक फ्रेम, महिन्याहून जास्त दिवस. हे मी त्याला सांगितलं. "मग बराच स्लो कॅमेरा असेल," तो म्हणाला.

रविवारी सकाळी घाटावर गेलो. कार्डात हजारांवर फोटो मावतात. दोन तासांत काढले बावीस. दर फोटोनंतर अंगठा आपसूक लिव्हर शोधायला जायचा आणि गुळगुळीत पत्र्यावरून घसरून परत यायचा. चहाच्या टपरीवर बसून बावीसही तपासले, चाळीशी लावून. सोळावा उडीचा आहे. पोर जरा तिरकं आलंय, एक पाय चौकटीबाहेर कापला गेलाय, चेहरा काळवंडलाय. पण एक हात नाकावर आहे, आणि खाली पाणी अजून सपाट आहे.